तुझ्या कार्कासोनला, आमच्या बऱ्हाणपुराहून

सावदा, ता. रावेर



फ्रान्समधल्या तुझ्या कार्कासोनचे फोटो मिळाले. तुझ्या काकूने बराच वेळ मोबाइल हातातून सोडला नाही. बावन्न बुरूज, एकात एक असे दोन तट, खाली ओद नदी, तिच्यावर जुना दगडी पूल. छानच आहे गं सगळं. काकूने मात्र एकच गोष्ट विचारली, ‘एवढं मोठं गाव, अन् एकाबी दोरीवर कपडा वाळत नाही?’ मी म्हटलं, ते आता पाहायचं ठिकाण आहे, तिथे राहणारी माणसं मोजकीच. त्यावर ती म्हणाली, ‘मग पाहायचं काय?’ आणि भाकरी थापायला निघून गेली.

फोटोंच्या खाली तू एक ओळ लिहिलीस. ‘काका, आपल्याकडे असं तटबंदीचं शहर का नाही?’

या ओळीचा मला राग आला, ताई. दोन दिवस उत्तर दिलं नाही ते त्यामुळेच. नेट नव्हतं वगैरे काही नाही.

तुझ्या लग्नाचा बस्ता कुठे बांधला होता, आठवतं? सावदा स्टेशनवर सकाळची पॅसेंजर धरली. निंभोरा, रावेर, वाघोडा आणि मग बऱ्हाणपूर. दादा खिडकीत, आजी पिशव्यांवर हात ठेवून, आणि तू उगाच रुसलेली, कारण तुला जळगावला जायचं होतं. तिथून शनवारा दरवाजातून आत शिरलो. दुकानात आजीने शालू उलगडून उलगडून त्या माणसाचा घाम काढला. मग माव्याची जिलेबी. काळी, जाड, पाकाने जड झालेली. एकीतच पोट भरतं म्हणालीस आणि दुसरी घेतलीस. तो दरवाजा तटबंदीचा होता गं! त्याच्या खालून तू दहादा गेली असशील. आपल्या घरातल्या कुणीच वर मान करून पाहिलं नाही, कारण हातात पिशव्या होत्या आणि परतीची गाडी गाठायची होती.

पण तुझ्या त्या ओळीचे उपकारही आहेत. पौषाच्या आधी भाऊबंदकीतलं एक लग्न बऱ्हाणपूरला होतं. एरवी मी हळदीच्या वेळेला पोचून अक्षतांनंतर निघणारा माणूस. या वेळी एक दिवस आधी गेलो, लग्नघरी पिशवी टाकली आणि शहर पाहायला निघालो. नवरदेवाच्या बापाला वाटलं, केळीचा लिलाव बघायला चाललो असेन. त्याचंही चूक नाही. आपल्याकडचा शेतकरी बऱ्हाणपूरचं नाव घेतो ते भावासाठीच. सकाळी तिथला भाव काय फुटला, हे कळल्याशिवाय इकडे घडाला कोयता लागत नाही.

तट विटांचा आहे. निजाम-उल-मुल्क आसफजाहाने तो १७३१ मध्ये बांधवला आणि नऊ दरवाजे ठेवले. हाच निजाम पुढे १७४८ मध्ये बऱ्हाणपुरातच मेला. तुझ्या कार्कासोनसारखा तट सलग दिसत नाही. कुठे बुरूज उभा आहे, कुठे भिंत कुणाच्या तरी माजघरात शिरून गडप झाली आहे, कुठे तिच्यावर पिंपळ वाढलाय. दरवाजांच्या कमानीवर विजेच्या तारांचं जाळं, शिकवणीवर्गाचे फलक, वाढदिवसाच्या शुभेच्छांचे बॅनर. एका कमानीत चपला शिवणारा बसला होता. त्याने खिळे ठेवण्यासाठी दोन विटांमधली फट वापरली होती. दोनशे नव्वद वर्षांपूर्वीचा चुना, त्यात एक इंचाची सपाट जागा आणि तिथे ओळीने लावलेले काळे खिळे. मी फोटो काढला नाही. काढला असता तर तू ‘किती सुंदर’ असं लिहिलं असतंस, आणि ते सुंदर आहे की दुर्लक्ष आहे, हे माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही.

तू म्हणशील, काका, ही पडझड कौतुकाने काय सांगता? थांब, आता तुझ्याच देशातला साक्षीदार आणतो.

ज्याँ-बाप्तिस्त ताव्हेर्निए. पॅरिसचा जवाहिऱ्या, सतराव्या शतकातला. हिऱ्यांच्या नादाने परत परत हिंदुस्थानात आला. सुरतेहून आग्र्याला जाण्याचा त्याचा रस्ता पाहा: बारडोली, नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, आणि पुढे बऱ्हाणपूर. चोपड्याहून बऱ्हाणपूरला सातपुड्याच्या पायथ्याने जाणारा माणूस आपल्या शिवाराच्या आसपासूनच गेला असणार, नाही का? नवापूरच्या तांदळाला कस्तुरीचा वास येतो, असं त्याने लिहून ठेवलंय. बऱ्हाणपूरबद्दल लिहिताना मात्र त्याने हात आखडता घेतला नाही. शहर मोठं, पण बरंचसं पडलेलं. बहुतेक घरं गवताने शाकारलेली. म्हणजे ज्या काळाला आपण वैभवाचा म्हणतो, त्या काळातही पाहुण्याला इथे पडझडच दिसली! पण त्याच दमात तो सांगतो की इथलं तलम कापड इराणात, तुर्कस्तानात, मॉस्कोच्या मुलखात, पोलंडात आणि कैरोपर्यंत जातं. गवताच्या छपराखाली बसून माणसं कैरोसाठी विणत होती.

आणि आता तुझं कार्कासोन. तू पाठवलेल्या माहितीतच वाचलं की तेही कापडाचंच गाव. तिथलं लोकरी कापड मार्सेच्या बंदरातून तुर्कांच्या मुलखात जायचं. बघ, कुठल्या तरी बाजारात बऱ्हाणपूरचा पोत आणि कार्कासोनची लोकर शेजारी शेजारी पडली असेल. पुढे तिथला धंदा बसला, वरचं गाव गरीब विणकरांचं झालं. दोन तटांच्या मधल्या पट्ट्यात त्यांनी घरं बांधली. १८५० मध्ये सरकारने तो तट किल्ल्यांच्या यादीतून काढला, म्हणजे पाडायला मोकळा केला. गावातल्या लोकांनी ओरड केली, हुकूम मागे घ्यावा लागला आणि १८५३ पासून व्हियोले-ल-द्युक नावाच्या वास्तुतज्ज्ञाने डागडुजी सुरू केली. बुरुजांवर ती टोकदार, काळसर पाटीच्या दगडाची टोपरी त्याने चढवली. तशी छपरं त्या मुलखाची नव्हेत म्हणून लोकांनी त्याला नावंही ठेवली. ठीक आहे, डागडुजी म्हटली की नावं ठेवणारे आलेच. मला त्याचं काही नाही. माझा जीव अडकला तो मधल्या पट्ट्यातल्या घरांत. ती पाडली. तट नीट दिसावा म्हणून तटाला टेकून राहणारे उठवले. कुठे गेले असतील ते विणकर? तुझ्या फोटोत त्या पट्ट्यात हिरवळ आहे आणि घोड्यावर बसलेली तुझी पोरगी आहे.

बऱ्हाणपुरात गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं तरी मागांचा खडखडाट ऐकू येतो. हातमाग गेले, पॉवरलूम आले, पण कापड तेच पोट भरतंय. गल्लीत एका घराच्या ओट्यावर म्हातारे गृहस्थ सुताच्या कांड्या निवडत होते. मी विचारलं, किती पिढ्या? त्यांनी मान वर न करता हिंदीत सांगितलं, ‘मोजल्या नाहीत.’ मग त्यांनी मला विचारलं, ‘कुठले?’ सावद्याचा म्हटल्यावर चेहरा उजळला. ‘केळीवाले!’ आणि चहा आला. तुझ्या कार्कासोनात चहा कोण पाजतं गं? कॉफीचं बिल तू पाठवलं होतंस, तेवढ्यात आपल्याकडे वीस जणांची पंगत उठली असती. बरं, हा टोमणा होता. सोडून दे.

किल्ला, हमाम, मुमताज, हे तुला कुणीही गाइड सांगेल. मुमताजमहल जून १६३१ मध्ये इथे बाळंतपणात गेली, तापीपलीकडे जैनाबादेत तिला पुरलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी आग्र्याला नेलं. सगळं बऱ्हाणपूर अजून त्यावर हळहळतं की ताजमहाल इथेच व्हायचा होता. मला या हळहळीचा कंटाळा आहे. जे झालं नाही त्यावर बोलण्यात आपण जे आहे त्याला धूळ खाऊ देतो.

जे आहे ते मला जामा मशिदीत दिसलं. फारुकी सुलतान राजा अली खानाने ती बांधली. मशिदीत अरबी लेख आहे, ते साहजिक. पण शेजारी संस्कृत लेख आहे, देवनागरीत! संवत १६४६, शके १५११, तिथी-वारासकट, आणि त्यात फारुक्यांची वंशावळ. आपल्या लग्नपत्रिकेत लिहितो तसं शके घालून मशिदीचा मुहूर्त कोरलेला. शके वाचलं आणि मला दादांची आठवण झाली. पंचांग उघडल्याशिवाय केळीचं खोडसुद्धा न लावणारा माणूस. त्यांना हे दाखवायला हवं होतं. बऱ्हाणपूरला ते आयुष्यभर जात होते. बाजार समिती, कापड, एकदा डोळ्याचा डॉक्टर. मशिदीच्या दारावरून गेले असतील, आत कशाला जातील?

संभाजीमहाराजांचं तर तू शाळेत माझ्याकडूनच पाठ केलं होतंस. १६८१, बहादुरपुरा, हंबीरराव मोहिते. मराठ्यांनी बाहेरचे पुरे तीन दिवस धुतले, पण तेव्हाच्या जुन्या तटाच्या आतलं शहर हाती लागलं नाही, दरवाजे लागले होते. तेव्हा तू विचारलं होतंस की बाहेर राहणाऱ्यांना आत का नाही घेतलं. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुधा गप्प बस म्हटलं असेल. प्रश्न चांगला होता. तटाचं पहिलं काम शत्रूला अडवणं नसतंच, कोण आतला आणि कोण बाहेरचा हे ठरवणं असतं. असो. आता गंमत ऐक. ‘छावा’ सिनेमा आला त्या वर्षी, २०२५ च्या मार्चमध्ये, असीरगडाच्या पायथ्याशी लोक रात्री बॅटऱ्या घेऊन शेतं खणायला लागले. बऱ्हाणपूरचा खजिना म्हणे मातीत पुरलाय! सोन्याची नाणी शोधायला आलेल्या माणसांनी उभं शिवार उकरून ठेवलं. बह्याड लोक. खरा खजिना तिथून थोड्याच अंतरावर जमिनीखाली वाहतोय आणि त्यासाठी तिकीट नाममात्र आहे.

कुंडी भंडारा. हे मात्र तुला सविस्तर सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाच. तू पाण्याच्या घरातली पोरगी आहेस.

शहराबाहेर माळावर गेलं की विटांची गोल तोंडं ओळीने दिसतात, कमरेएवढी वर आलेली. त्या कुंड्या. एकूण १०३. अब्दुर्रहीम खानखानान इथे सुभेदार असताना, १६१५ मध्ये, एका इराणी जाणकाराने हे काम आखलं. शहरात फौज, व्यापारी, सराया, आणि भरवसा एकट्या तापीवर. उन्हाळ्यात ती आटते, आणि वेढा पडला तर शत्रू वरच्या अंगाला पाणी नासवणार. त्या माणसाने नदीकडे पाठ करून डोंगराकडे पाहिलं. सातपुड्यावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि आतल्या आत तापीकडे सरकत जातो. ते सरकणारं पाणी त्याने वाटेत गाठलं. जमिनीखाली बोगदा खणला, त्याला अगदी बेताचा उतार दिला, आणि हवा खेळावी, गाळ काढता यावा म्हणून ठरावीक अंतरावर वर कुंड्या काढल्या. मोट नाही, पंप नाही. उतारावर पाणी आपोआप जाळीकरंजा नावाच्या हौदापर्यंत येतं आणि तिथून शहरात फुटतं.

एका कुंडीत आता लिफ्ट बसवली आहे. चार माणसं दाटीने मावतात. साधारण ऐंशी फूट खाली उतरलो. खाली घोट्यापेक्षा वर पाणी, थंड, इतकं नितळ की पायाची नखं मोजावीत. भिंतींवर चुनखडीची पुटं चढून चढून पांढरी झाली आहेत, काही ठिकाणी हाताला गुळगुळीत, काही ठिकाणी खरखरीत. वर पाहिलं तर कुंडीच्या तोंडातून उजेडाचं चकतीएवढं आभाळ. माझ्याबरोबर इंदूरचं एक कुटुंब होतं. ते सेल्फी काढत होते. मी ओंजळ भरून पाणी प्यायलो आणि मला आपली विहीर आठवली.

मळ्यातली. तिच्या तिसऱ्या पायरीवर तुला मी कंबरेला भोपळा बांधून सोडलं होतं आणि तू किंचाळून अख्खं शिवार गोळा केलं होतंस. त्या पायऱ्या आता सगळ्या उघड्या आहेत, शेवटच्या पायरीच्याही खाली कोरडी माती आहे. बोअर दर काही वर्षांनी आणखी खोल न्यावी लागते. तोच सातपुडा, तोच पाऊस, तीच तापी. रावेर-यावलच्या पट्ट्यात आम्ही पाणी नुसतं उपसत राहिलो, आणि तिथे चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाने एक थेंब वर न ओढता शहर पाजलं. तापीचं पाणी जमिनीत मुरवण्याच्या मेगा रिचार्ज योजनेची चर्चा ऐकत मी म्हातारा झालो. कुंडी भंडारा युनेस्कोच्या संभाव्य यादीत २०२४ मध्ये आला म्हणतात. तुझं कार्कासोन १९९७ पासून पक्क्या यादीत आहे. यादीत यावं, जरूर यावं. पण यादीत नाव लागल्यावर वरच्या माळावर प्लॉट पाडणं थांबेल का, कुंड्यांत कचरा टाकणं थांबेल का, हे मी तिथल्या रखवालदाराला विचारलं. तो नुसता हसला.

ताई, आता राग कशाचा होता ते सांगून टाकतो. तटबंदीचं शहर तुला ठाऊक नाही, याचा नव्हता. दोन वर्षांपूर्वी तू आलीस तेव्हा जळगावला हॉटेलात उतरलीस. पोरीला डास चावतात, एसी लागतो, मान्य. गाडी करून सावद्याला आलीस, आपल्या घराच्या चौकटीचे फोटो काढलेस, आजीच्या जात्याचा काढलास, धाब्याच्या छताचा काढलास. आणि संध्याकाळी परत. काकू तुझ्यासाठी कळण्याच्या भाकरीचं पीठ दळून आणून बसली होती, तू शेवभाजी हॉटेलात खाल्ली होतीस म्हणून नको म्हणालीस. तू वाईट वागलीस असं नाही गं. तू पाहुण्यासारखी वागलीस. आपल्या ओट्यावर उभी राहून तू माझा फोटो काढलास तेव्हा मला एकदम कळेना की हसावं की कुठे बघावं. माझ्या ओट्यावर मला असं कधी झालं नव्हतं.

आणि तरी तुझ्याच नजरेने मी बऱ्हाणपूर पाहिलं, हेही खरं. तू दाखवलं नसतंस तर मी हळदीला पोचलो असतो आणि अक्षतांनंतर निघालो असतो. पंचाहत्तरीला टेकलेल्या माणसाला मान वर करायला तू लावलीस. हे ऋण कसं फेडू? फेडतो, रागावूनच फेडतो.

तुझ्या पोरीला एक सांग. कार्कासोनचा हुकूम मागे फिरला आणि काम सुरू झालं त्याच सुमाराला, १८५२ मध्ये, तिच्या आईच्या गावात, या सावद्यात, दहा-पंधरा हजार शेतकरी जमा झाले होते. जमीनमोजणी आम्हाला न विचारता नको म्हणून. लष्कराची तुकडी येऊन पुढाऱ्यांना धरेपर्यंत हटले नाहीत. त्या गर्दीत आपलं कुणी होतं का, हे माहीत नाही, पण सावद्याचा पाटील घरी बसला असेल यावर माझा विश्वास नाही. त्या गर्दीचा बुरूज नाही, पाटी नाही. मोजणीचे दगड मात्र अजून बांधावर आहेत, त्यातला एक आपल्या बांधावर आहे. तिला त्यावर बसवून फोटो काढ हवं तर.

या वर्षी ये. मे महिन्यात येऊ नकोस, तेव्हा इथे ४५ च्या वर पारा असतो आणि तुम्ही लोक वाळून जाल. दिवाळीनंतर ये, कांदेबागेची लागवड झालेली असते, मलाही जरा उसंत असते. हॉटेल बुक करू नकोस. वरच्या खोलीत मी कूलर नाही, एसी बसवतोय, काकू नको म्हणत असताना. बऱ्हाणपूरला पॅसेंजरनेच जाऊ. काम घेऊन जायचं, नुसतं पाहायला नाही. काकूला दोन साड्या घ्यायच्या आहेत, मला मशिदीतला तो लेख नीट उतरवून घ्यायचा आहे, तुला काय घ्यायचं ते तू ठरव. पोरीला बुटांऐवजी सँडल आण. कुंडीत उतरताना पाय भिजतात आणि बूट दोन दिवस वाळत नाहीत. तिकीट काढलंस की फोन कर, मेसेज नको.

तुझा,
काका